नाशकात बेस गिटार: पहिल्या तारेपासून पहिल्या सुपारीपर्यंत

नाशकात गिटार शिकणारी मुलं गल्लोगल्ली भेटतात, बेस, म्हणजे जाड तारांची, खालच्या स्वरांची गिटार वाजवणारा मात्र शोधावा लागतो. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मला फोनवर फोन येतात. "भाऊ, तुला जमत नसेल तर दुसरा कुणी सांग ना." आणि सांगायला माझ्याकडे नावं नसतात. म्हणून हे लिहितोय. मी दिवसा अंबडच्या एमआयडीसीत नोकरी करतो. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी बेस वाजवतो: वाद्यवृंद, भावगीतं, भीमगीतं, दांडिया, लग्नातलं संगीत, कधी कॉलेज रोडच्या कॅफेत इंग्रजी गाणी. पहिल्या वर्षी जे मला कुणीतरी सांगायला हवं होतं, ते खाली क्रमाने दिलंय. रोज तासभर हात चालवला, तर कोऱ्या पाटीपासून पहिल्या सुपारीपर्यंत, म्हणजे ठरवून मिळालेल्या पहिल्या कार्यक्रमापर्यंत, यायला साधारण वर्ष लागतं.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. बेस म्हणजे गाण्याचा डग्गा. तबलजीसमोरचा डग्गा उचलून बाजूला ठेवला, तर नुसता तबला कितीही सुरात बोलला तरी गाणं अधांतरी वाटतं. बेस नसलेल्या वाद्यवृंदाचं तसंच होतं. ऐकणाऱ्याला काय कमी आहे ते सांगता येत नाही, पण पाय हलत नाहीत. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

पायरी १: खरेदीआधी कान

पंधरा दिवस वाद्यावर एकही पैसा खर्च करू नका. बरा हेडफोन घ्या आणि ओळखीची दहा गाणी फक्त बेससाठी ऐका. मोबाईलच्या स्पीकरवर हे होणार नाही. बेसची सर्वांत जाड ई तार मोकळी छेडली की ४१ हर्ट्झचा स्वर निघतो, आणि तो एवढासा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही.

आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. ती गाणी आपल्याला तोंडपाठ असतात, आता त्यांची खालची ओळ शोधा. ए. आर. रहमान यांच्याबरोबर वाजवणारे कीथ पीटर्स ऐका, मुंबईची मोहिनी डे ऐका. अमेरिकेत मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांत जेम्स जेमरसन यांचा बेस आहे. ते उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने वाजवत, आणि तरी त्या ओळी आजही जगभरचे बेसवाले गिरवतात.

गाणारा गात असताना तुम्हाला खालची ओळ गुणगुणता आली, की खरेदीला निघा. नाही आली, तर आणखी पंधरा दिवस ऐका.

पायरी २: वाद्य

चार तारांचा, ३४ इंची स्केलचा, साधा पॅसिव्ह (बॅटरी न लागणारा) बेस घ्या. स्केल म्हणजे नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज (खाली तारा टेकतात तो भाग), तारेची कंप पावणारी लांबी. बोटं अगदीच लहान असतील किंवा शिकणारं मूल बारा-तेरा वर्षांचं असेल, तर ३० इंची शॉर्ट स्केल चालेल. पाच तारांचा मोह पहिल्या वर्षी टाळा. तो लागतो, का लागतो ते पुढे येईलच, पण आधी चार तारा गप्प ठेवायला शिकायचं असतं.

पिकअप, म्हणजे तारेचा कंप टिपणारा भाग, पी-जे असला तर उत्तम. ही अक्षरं फेंडर कंपनीच्या दोन वाद्यांवरून आली: १९५१ चा प्रिसिजन बेस आणि १९६० चा जॅझ बेस. पी पिकअपचा आवाज भरीव असतो, जे पिकअपचा जरा धारदार. दोन्ही एकाच वाद्यात मिळाले, तर भावगीतापासून दांडियापर्यंत सगळं भागतं. यामाहा टीआरबीएक्स १७४ किंवा कॉर्ट अॅक्शन मालिकेतला एखादा, या जातीचं वाद्य नवख्याला पुष्कळ वर्षं पुरतं.

नाशकात वाद्यांच्या दुकानांत बेस असतात, पण एका वेळी एखाद-दोनच. चार-पाच शेजारी शेजारी हाताळून बघायचे असतील तर एक दिवस मुंबईला काढा. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडली की दुकानं उघडेपर्यंत तुम्ही सीएसएमटीला असता. तिथून धोबी तलावचं फुर्ताडोज हे वाद्यांचं दुकान चालत जाण्यासारखं आहे. दुकानात उभं राहून, पट्टा लावून वाजवा. बसून हलका वाटणारा चार किलोचा बेस उभ्याने अर्ध्या तासात खांदा ओढायला लागतो. काहींचं डोकं जड असतं, हात सोडला की मान खाली झुकते. असला बेस घेऊ नका, कारण डाव्या हाताने मान तोलत वाजवायची सवय पुढे मनगटावर निघते.

जुना घेत असाल तर तीन गोष्टी तपासा. ब्रिजकडून मानेवर नजर टाकून ती पिळलेली नाही ना ते बघा. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी) दाबून वाजवा, एखादा स्वर मेलेला किंवा खरखरता असेल तर लगेच कळतो. अॅम्पला (आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला) जोडून सगळी बटणं फिरवा. खरखर आली तर घाबरू नका, ती साफ होते. पिळलेली मान मात्र परत करा.

अॅम्प लगेच घेऊ नका, हे मी आग्रहाने सांगतो. घरी सरावाला हेडफोनचं छोटं यंत्र पुरतं आणि कार्यक्रमात तुमचा आवाज साऊंडवाल्याच्या मिक्सरमधूनच जाणार असतो. ते पैसे रुंद पट्टा, दोन चांगल्या केबल, क्लिपचा ट्यूनर, जाड अस्तराची बॅग आणि डीआय बॉक्सवर घाला. डीआयबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

पायरी ३: नाशिकची हवा

इथे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या आसपास जातो, पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि डिसेंबरच्या पहाटे हुडहुडी भरते. लाकूड हे सगळं सोसतं आणि हलतं. पावसाळ्यात मान ओल पिऊन वाकते आणि तारा उंच होतात. कोरड्या हिवाळ्यात लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बोटाला बोचायला लागतात. वाद्य बिघडलं असं समजून लोक ते कोपऱ्यात ठेवून देतात. खरं तर वर्षातून दोनदा, एकदा श्रावणाच्या सुमारास आणि एकदा दिवाळीनंतर, सेटिंग केलं की काम होतं.

ते घरीही जमतं. सर्वांत जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. मधे सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा फिरवा, तारा पुन्हा सुरात लावा, एक रात्र जाऊ द्या आणि मग परत बघा. एका वेळी पाव फेऱ्याच्या पुढे जायचं नाही. रॉड अडतोय असं वाटलं तर थांबा आणि जाणत्याकडे न्या. मान सरळ झाली की बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दोन ते अडीच मिलिमीटर ठेवा.

तारांचे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात. ४५ ते १०० किंवा ४५ ते १०५ चा संच नेहमीचा. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने पुसल्या तर वर्षभर टिकतात. आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बेस कधीही ठेवू नका.

पायरी ४: काळी-पांढरीची भाषा

यूट्यूबवर शिकलेला मुलगा इथे पहिल्यांदा अडकतो. त्याला ई, ए, डी, जी ही तारांची नावं पाठ असतात आणि तालमीत गायिका म्हणते, "माझं काळी चार." सगळे वाजवायला लागतात, हा बघत राहतो.

ही भाषा हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून आलेली, म्हणून पहिल्या महिन्यात हा पाढा पाठ करा. पांढरी एक म्हणजे सी, बेसवर ए तारेचा तिसरा फ्रेट. काळी एक म्हणजे सी शार्प, ए तारेचा चौथा. पांढरी दोन डी, ए तारेचा पाचवा. काळी दोन डी शार्प, सहावा. पांढरी तीन म्हणजे ई, मोकळी ई तारच. पांढरी चार एफ, ई तारेचा पहिला. काळी तीन एफ शार्प, दुसरा. पांढरी पाच जी, तिसरा. काळी चार जी शार्प, चौथा. पांढरी सहा ए, पाचवा किंवा मोकळी ए तार. काळी पाच ए शार्प, ए तारेचा पहिला. पांढरी सात बी, ए तारेचा दुसरा. आपल्याकडे सुगम संगीतात पुरुष गायक बऱ्याचदा काळी एकच्या आसपास असतात आणि गायिका काळी चार-पाचला. म्हणजे ए तारेचा चौथा आणि ई तारेचा चौथा ही दोन घरं झोपेतही सापडली पाहिजेत.

सा सापडला की बाकीचं आकारावर चालतं. काळी एकचा सा ए तारेच्या चौथ्यावर. त्याचा पंचम शेजारच्या डी तारेच्या सहाव्यावर, वरचा सा जी तारेच्या सहाव्यावर आणि खालचा पंचम ई तारेच्या चौथ्यावरच. हाच आकार जसाच्या तसा कुठेही सरकवा, पट्टी बदलते आणि बोटं तीच राहतात. पाच तारांचा बेस का लागतो तेही इथे कळतं. पट्टी पांढरी दोन किंवा काळी दोन असेल तर चार तारांवर मोकळ्या ई च्या खाली जाता येत नाही, खालचा भारदस्त सा मिळतच नाही. पाचवी बी तार ती उणीव भरून काढते.

आता एक धोका. कीबोर्डवाले ट्रान्सपोज बटण वापरतात. हात सी वर, आवाज सी शार्पचा. गिटारवाला कॅपो (मानेवर लावायचा चिमटा) लावून तेच करतो. बेसला असं बटण नाही. माझ्या पहिल्या कार्यक्रमात मी कीबोर्डवाल्याचे हात बघून पांढरी एकवर उतरलो, गाणं काळी एकमध्ये होतं, आणि अख्खा मुखडा अर्ध्या स्वराने खाली वाजवला. गायकाने मागे वळून पाहिलं ते अजून आठवतं. तेव्हापासून मी "काय धरलंय?" असं विचारत नाही. "वाजतंय काय?" असं विचारतो आणि एक सा ऐकवायला सांगतो. हात बघू नका, स्वर ऐका.

मराठी गाण्यांतली आणखी एक खोच. गाणं रागावर बेतलेलं असेल तर पाश्चात्त्य सवयीने सरसकट गंधार लावू नका. रागात कोमल ग असेल आणि तुम्ही शुद्ध वाजवलात, तर गाणाऱ्याचा सूर ढळतो. शंका असेल तिथे सा आणि प यांवरच थांबा. पण मालकंसासारख्या रागात पंचमच वर्ज्य आहे, तिथे सा आणि म धरा. तालमीत हार्मोनियमवाल्याला "प चालेल ना, काका?" असं विचारायला लाजू नका. विचारणाऱ्याचं कौतुकच होतं.

पायरी ५: डग्ग्याशी बोलणं

बोटांचं तंत्र कुठल्याही गिटार क्लासमध्ये शिकता येतं. ट्रिनिटी आणि रॉकस्कूलच्या परीक्षांत बेसचा वेगळा अभ्यासक्रमही आहे, शिस्त लावायला तो चांगला. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून चालवायचं, डावं मनगट सरळ ठेवायचं. न वाजणाऱ्या तारा गप्प ठेवणं हा सरावाचा अर्धा भाग आहे. जाड तारांवर अंगठा टेकवत गेलं की त्या आपोआप गप्प होतात. मेट्रोनोम ६० वर लावून एकच स्वर दहा मिनिटं, नेमका टिकटिकीवर. कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

खरं शिक्षण तबला-ढोलकीवाल्याच्या डाव्या हाताकडे आहे. केरव्याचे बोल घ्या: धा गे ना ती, न क धी ना. आठ मात्रा. डग्गा घुमतो पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेवर. तिसरीपासून सहावीपर्यंत तो मोकळा बोलत नाही, सहाव्या 'क'वर तर बंद थाप पडते. आता बेस घ्या. पहिल्या मात्रेवर सा द्या आणि दुसरी संपेपर्यंत धरा. तिसरीवर बोट सैल करून आवाज तोडा. पुढच्या तीन मात्रा रिकाम्या. सातवीवर खालचा पंचम, आठवी गप्प, आणि पुन्हा सम, म्हणजे पहिली मात्रा. बस, एवढंच. एवढ्यावर शंभर गाणी निघतात. नवखा माणूस मधल्या रिकाम्या मात्रा भरतो आणि तिथेच ठेका चिखलात रुततो, कारण डग्गा जिथे मुद्दाम गप्प आहे तिथे तुम्ही घुमताय.

दादरा: धा धी ना, धा ती ना. डग्गा पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. पहिलीवर सा लांबवा, चौथीवर पंचम. दांडियातला हिंच सहा मात्रांचाच असला तरी त्याची चाल वेगळी, तो ढोलवाल्याबरोबर बसूनच अंगात मुरवावा लागतो. रूपक सगळ्यांत फसवा: ती ती ना, धी ना, धी ना. सात मात्रा, आणि समेवरच डग्गा नाही. तिथे बेसने समेवर धाडकन उतरायचं नसतं. समेवर हलका सा द्या, वजन चौथ्या मात्रेवर टाका. हे कळायला मला दीड वर्ष लागलं. एका म्हाताऱ्या तबलामास्तरांनी माझा हात धरून डग्ग्याच्या शाईवर ठेवला आणि म्हणाले, "कुठे थरथरतंय ते मोज." त्या संध्याकाळी कळलं.

स्टेजवर उभं राहण्याची जागाही यावरूनच ठरते: तालवाद्याच्या डाव्या हाताला, त्याचा डग्गा दिसेल अशी. गायकाच्या शेजारी छान फोटो येतात, ठेका मात्र सुटतो.

पायरी ६: वही

प्रत्येक गाण्याला एक पान. वर पट्टी, ताल, लय. खाली गाण्याची बांधणी: सुरुवातीचा पीस किती आवर्तनं, मुखडा, मधला पीस, अंतरा, परत मुखडा, शेवट तिहाईवर (तीनदा वाजवायच्या तुकड्यावर) की विरत जाणारा. कॉर्ड लिहा, पण स्वरन् स्वर लिहू नका, कारण कागद वाचणाऱ्याचे कान झोपतात. पट्टी नेहमी पेन्सिलीने लिहा. गायकाचा घसा बसला की ऐनवेळी अर्धा स्वर खाली येतो, आणि तेव्हा खोडून लिहिता आलं पाहिजे. चाळीस गाण्यांची वही झाली की तुम्ही कामाला तयार.

पायरी ७: सुपारी कुठून येते

कामाचं वर्ष पंचांगाप्रमाणे चालतं. गणपतीत मंडळांचे कार्यक्रम. मग पितृपक्षात शांतता. नवरात्रात दांडिया, सलग नऊ रात्री, आणि बोटांची सालं निघतात. दिवाळीत पहाटेचे कार्यक्रम, त्यात नेहरू चौकातल्या पिंपळपारावरची पाडवा पहाट नाशिककरांच्या जिव्हाळ्याची. तुळशीच्या लग्नानंतर गंगापूर रोड, पेठ रोड, दिंडोरी रोडच्या लॉन्सवर लग्नसराई. धनुर्मासात पुन्हा थंडावा. एप्रिलमध्ये भीमजयंती.

त्या एप्रिलबद्दल थोडं अधिक. लोककवी वामनदादा कर्डक आपल्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. त्यांची परंपरा चालवणारे गायक गावोगाव आहेत आणि भीमगीतांचे कार्यक्रम एप्रिल-मेभर चालतात. नव्या बेसवाल्याला याहून चांगली शाळा नाही. ठेका दणदणीत, ढोलकी तयार हाताची, श्रोते शब्दन् शब्द ऐकणारे. चुकलात तर लगेच कळतं, जमलं तर लोक पुढच्या वर्षी नावाने बोलावतात.

आषाढ-श्रावणात लग्नं नसतात. नवीन गाणी बसवायला आणि वाद्याची डागडुजी करायला तोच काळ.

पहिला पाय ठेवायला तालमीत जा. वाजवायला मागू नका, बसायची परवानगी मागा. कालिदास कलामंदिरात किंवा परशुराम साईखेडकर नाट्यगृहात वाद्यवृंदाचा कार्यक्रम असेल तर तिकीट काढून जा आणि झाल्यावर बेसवाल्याला भेटा. आमच्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी बदली माणूस लागतोच, आणि पहिली सुपारी बहुतेकांना अशीच मिळते. बदली म्हणून गेलात तर एक पथ्य पाळा: त्या आयोजकाला आपला नंबर परस्पर देऊ नका. काम ज्याच्याकडून आलं त्याच्याकडेच परत जाऊ द्या. या शहरात सगळे सगळ्यांना ओळखतात.

सुपारी घेताना वेळ, ठिकाण, किती तास, गाण्यांची यादी पट्ट्यांसकट कधी मिळणार, बिदागी किती आणि कोण देणार, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. गावाबाहेर असेल तर जाण्यायेण्याचा खर्च आणि रात्रीची परतीची गाडी वेगळी ठरवा. येवला-मालेगावहून रात्री एकला एसटी स्टँडवर बेस घेऊन बसण्याची वेळ येऊ देऊ नका. ओळखीचा असो वा अनोळखी, इसार घ्या. माझी एक पूर्ण नवरात्राची बिदागी केवळ तोंडी व्यवहारामुळे बुडाली. मागायला गेलो तेव्हा दाखवायला माझ्याकडे एक ओळही नव्हती.

पायरी ८: कार्यक्रमाचा दिवस

दुचाकीवर बेस पाठीला लावला की त्याचं डोकं तुमच्या डोक्याच्या वर येतं. पार्किंगचं शटर, मंडपाची कमान, झाडाची फांदी यांचा अंदाज ठेवा. बॅगेत तारांचा जादा संच, दोन केबल, अॅलन की, टॉर्च, चिकटपट्टी, तीन पिनांचा स्वतःचा बोर्ड. अॅक्टिव्ह बेस असेल तर नऊ व्होल्टची नवी बॅटरी. अॅक्टिव्ह बेसमध्ये केबल खोचलेली राहिली की तो न वाजवताही बॅटरी खातो, म्हणून चहाला जाताना केबल काढून ठेवा.

आता डीआय. बेसचा सिग्नल नाजूक असतो. साधी केबल सहा मीटरच्या पुढे नेली की वरचा टवटवीतपणा जातो आणि घरघर शिरते. मिक्सर तर मंडपाच्या दुसऱ्या टोकाला. डीआय बॉक्स तो सिग्नल बॅलन्स्ड करतो, मग माइकच्या केबलमधून तो लांबवर स्वच्छ जातो. तुमचा बेस पॅसिव्ह असेल तर अॅक्टिव्ह डीआय घ्या, अॅक्टिव्ह असेल तर साधा पॅसिव्ह डीआय पुरतो. साऊंडवाल्याकडे असेल या भरवशावर राहू नका. असतो तो कीबोर्डला लागलेला असतो. डीआयवर ग्राउंड लिफ्टचा खटका असतो, घरघर आली तर आधी तो दाबून बघा. घरघर घालवण्यासाठी कुणी अडॅप्टरची अर्थिंगची पिन काढायला सांगितली तर स्पष्ट नाही म्हणा.

कारण बेसच्या तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात. मंडपात अर्थिंग नसलं आणि तारांवर बोटं असताना ओठ माइकला लागले, तर झटका बसतो. एका लॉनवर मला बसलाय. कोपरापर्यंत हात बधिर झाला आणि पुढचं गाणं मी वाजवलंच नाही. तेव्हापासून दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर बॅगेत असतो. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, फेज आणि अर्थ यांच्यातही तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात अगदी थोडे. फेज-अर्थचा आकडा गडबडला असेल तर अर्थिंग नाही. मंडपवाल्याला शांतपणे दाखवा आणि नीट होईपर्यंत जोडू नका. मग मीटरचं एक टोक तारेला आणि दुसरं माइकच्या जाळीला लावा. तिथे जवळपास शून्य दिसलं की निश्चिंत गा. पावसाळी मंडपात तर हे कधीही चुकवायचं नाही.

साऊंडचेकला सगळ्यांनी एकदम वाजवू नका. आधी डग्गा किंवा किक (ड्रमसेटचा पायाने वाजवायचा मोठा ड्रम), मग तुम्ही, मग दोघं मिळून. समोरच्या सबवूफरचा खालचा आवाज चारी दिशांना पसरतो, म्हणून स्टेजवर नुसती घुमघुम ऐकू येते आणि स्वर कळत नाही. अशा वेळी नवखा बेसवाला मॉनिटरमध्ये (वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) बेस वाढवायला सांगतो आणि चिखल वाढतो. साऊंडवाल्याकडे खालचा कमी आणि मधला जास्त मागा. त्याला "दादा" म्हणा, चहा विचारा, त्याचं नाव लक्षात ठेवा. तुमचा आवाज त्याच्या बोटांत आहे. लहान कार्यक्रमात सबवूफर नसेल तर त्या स्पीकरना ४० हर्ट्झ झेपत नाही. तिथे वरच्या सप्तकात वाजवा.

कीबोर्डवाल्याशी आधीच बोलून घ्या: "दादा, मी आहे तोवर डावा हात वर ठेवाल का?" त्याचा डावा हात खाली उतरला की दोन बेस होतात आणि दोन्ही कळत नाहीत.

वेळेचं भान ठेवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ खुल्या जागेत ध्वनिवर्धक बंद. सणासुदीला सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. कार्यक्रम उशिरा सुरू झाला तर साडेनऊला घाईघाईत गाणी गळायला लागतात. कुठली गळणार ते निवेदकाकडून आधीच जाणून घ्या, नाहीतर तुम्ही एका पानावर आणि गायक दुसऱ्या.

शरीर

१०० डेसिबलच्या आवाजात पंधरा मिनिटांपेक्षा जास्त राहणं कानांना घातक मानतात. दांडियाचं स्टेज त्याच्या जवळपास जातं आणि तुम्ही तिथे तीन तास उभे. वादकांसाठी मिळणारे इयरप्लग पहिल्या बिदागीतून घ्या, आवाज कमी होतो पण स्वर विकृत होत नाही. कानात बसलेली शिट्टी परत जात नाही. मनगट दुखलं तर त्या दिवशी थांबा. बोटाला फोड आला तर फोडू नका.

कार्यक्रम संपला की तारा पुसा, केबल गुंडाळा, ढोलकीवाल्याच्या पेट्या उचलायला हात द्या. घरी गेल्यावर कितीही उशीर झालेला असो, वही काढा आणि प्रत्येक गाण्यापुढे गायकाने प्रत्यक्ष कुठली पट्टी धरली ते पेन्सिलीने लिहून ठेवा. पुढच्या गणपतीत त्याच गायकाचा फोन येतो आणि तो म्हणतो, "ते दुसरं गाणं आपण कशात घेतलं होतं रे?"

पान उघडायचं आणि सांगायचं, "पांढरी दोन. तालमीत काळी दोन होतं, पण त्या रात्री तुमचा घसा बसला होता."